डोपामाइन उंबरठ्यावरच थांबते

१९५७ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठात अर्विद कार्लसन यांच्यासमोर ससे निपचित पडले होते. कान पडलेले, हलायचे नाव नाही. त्यांना रेसर्पिन टोचले होते. रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेच्या मुळीतले द्रव्य. ही मुळी रक्तदाब उतरवते हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकातून जगाच्या नजरेस आणले होते. कार्लसन यांनी सशांना एल-डोपा दिले आणि थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूतला डोपामाइनचा साठा रिकामा केला होता, एल-डोपापासून तो पुन्हा भरला. पार्किन्सनच्या रुग्णांना आजही दिले जाणारे लेव्होडोपा ते हेच.

हल्ली मोबाइल चाळला की ‘डोपामाइन मिळतं’ असे जो तो म्हणतो. ‘आनंदाचे रसायन’ हे त्याचे बारसे कोणी केले कोण जाणे, पण ते फसले आहे. डोपामाइन नुसता निरोप्या. ज्या पेशीला निरोप द्यायचा, तिच्या आत तो पाऊलही टाकत नाही. निरोपाचा अर्थ ठरतो तो दारावर कोण बसले आहे यावर.

दारावर असतो रिसेप्टर. पेशीपटलाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाएवढी. त्यातून धावदोरा घालावा तशी प्रथिनाची एक साखळी सात वेळा आरपार गेलेली असते. बाहेरच्या खोबणीत डोपामाइन बसले की सात टाक्यांपैकी सहाव्याचे आतले टोक बाजूला सरते आणि तिथे फट पडते. त्या फटीत जी-प्रथिन अडकते, जवळचा जीडीपीचा रेणू टाकून जीटीपी उचलते आणि दुभंगते. सुटलेला तुकडा पटलाच्या आतल्या अंगाने सरकत एका विकराला गाठतो, आणि ते विकर एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवू लागते. निरोप आत पोचला, निरोप्या बाहेरच!

पुढची साखळी उलगडली अमेरिकेच्या पॉल ग्रीनगार्ड यांनी. सायक्लिक एएमपीमुळे जागे झालेले विकर इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवत सुटते. दुसरे एक विकर हे फॉस्फेट सतत खरवडून काढत असते, पण डार्प-३२ नावाचे प्रथिन, स्वतःला फॉस्फेट लागताच, त्या खरवडणाऱ्यालाच अडवते. म्हणजे एकीकडे नळ सोडायचा आणि दुसरीकडे मोरीला बोळा लावायचा. ग्रीनगार्ड आणि कार्लसन यांना २००० साली एरिक कँडेल यांच्यासह नोबेल मिळाले. ग्रीनगार्ड यांची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच वारली होती. नोबेलची रक्कम त्यांनी तिच्या नावाने स्त्री-शास्त्रज्ञांसाठी पुरस्कार ठेवायला दिली.

डोपामाइनचे रिसेप्टर पाच. डी-१ आणि डी-५ सायक्लिक एएमपी वाढवतात. डी-२, डी-३, डी-४ घटवतात. एकच निरोप, दोन उलट परिणाम! हालचालींचे नियमन करणाऱ्या स्ट्रायटम या भागात डी-१च्या पेशी हालचालीला वाट देतात, डी-२च्या तिला रोखतात. डोपामाइन पहिल्यांना चेतवते, दुसऱ्यांना गप्प करते, म्हणून हात सहज उचलला जातो. पार्किन्सनमध्ये डोपामाइन आटले की वाट देणारे मंदावतात, रोखणारे शिरजोर होतात. अंग ताठरते.

डी-२ मेंदूच्या संरक्षक भिंतीबाहेरही असतो. उलटीचा इशारा देणारी जागा तिथेच आहे. उलटीवरची डॉम्पेरिडोनची गोळी मुख्यतः तिथले डी-२ अडवते, मेंदूत फारशी शिरत नाही. उलटीवरचेच मेटोक्लोप्रमाइड मात्र शिरते, आणि पार्किन्सनमध्ये आधीच डोपामाइनची चणचण असलेल्या स्ट्रायटममधले डी-२सुद्धा अडवते. घरात पार्किन्सनचा रुग्ण असेल तर उलटीवरचे कोणतेही औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना त्या आजाराची आठवण जरूर करून द्या. मेटोक्लोप्रमाइड अशा रुग्णांना चालत नाही.