हार्दालियेतले जिवाणू

तुर्कस्तानाचा जो तुकडा युरोपात मोडतो, त्या थ्रेसमध्ये कर्कलारेलीच्या आसपास सगळ्याच काळ्या द्राक्षांची वाइन होत नाही. काही द्राक्षं चेचून पिंपात जातात. त्यांच्यात भरडलेली मोहरी आणि आंबट चेरीची पानं पडतात आणि रस काही दिवस आंबत राहतो. मोहरीच्या झणझणीत तेलापुढे यीस्टचं फारसं चालत नाही. बेंझोइक आम्ल घालण्याची पद्धतही आहे. त्यामुळे दारू जेमतेम तयार होते आणि लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना मोकळं रान मिळतं. हे पेय म्हणजे हार्दालिये.

पण रान नेमकं कुणाला मिळालं, हे शोधणं चिकाटीचं काम आहे. पेयाचा थेंब पातळ करून एमआरएस माध्यमावर पसरतात. द मान, रोगोसा आणि शार्प या तिघांनी ते १९६० मध्ये तयार केलं. उरलंसुरलं यीस्ट वाढू नये म्हणून त्यात सायक्लोहेक्सिमाइड मिसळतात. कॅल्शियम कार्बोनेट घातलं असेल तर आम्ल करणाऱ्या वसाहतींभोवतीची धूसर ताटली निवळते. मग एकेक वसाहत वेगळी करून तिची चौकशी सुरू होते. ग्रॅमच्या रंगात ती जांभळी राहायला हवी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर फसफसता कामा नये. नळीत पालथ्या घातलेल्या छोट्या नळीत वायू साठला, तर हा गडी ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही करतो. बाटल्या भरणाऱ्याला मोठ्या नावापेक्षा हीच माहिती जास्त उपयोगी, असं मला वाटतं.

डॅनिश शास्त्रज्ञ ओर्ला-येन्सन यांनी १९१९ मध्ये या जिवाणूंचं वर्गीकरण मांडलं ते अशाच खुणांवर: आकार, वाढीचं तापमान, कोणती साखर पचते. अडचण अशी की साखर पचवण्याची सवय वंशाशी इमान राखतेच असं नाही.

हार्दालियेवर अरिची आणि जोश्कुन यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली यादी गमतीदार आहे. लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस आहे, तो भाजीपाल्याच्या लोणच्यांतही असतो. सॅनफ्रान्सिस्केन्सिस आहे, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट पावातला. पॉन्टिस राईच्या आंबवलेल्या कणकेत सापडलेला, अॅसिटोटॉलरन्स तांदळाच्या व्हिनेगरमधला आणि व्हॅक्सिनोस्टर्कस तर पहिल्यांदा गाईच्या शेणातून वेगळा केलेला! यादीत पॅराकेसाय आणि केसायची उपजाती स्यूडोप्लांटारम अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. पण डीएनएच्या तुलनेनंतर १९८९ मध्येच स्यूडोप्लांटारमला पॅराकेसायमध्ये सामावून घेतलं होतं. म्हणजे दोन नावं, प्रजाती एकच. जुन्या याद्या वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता साधारण १५०० अक्षरांचा १६एस जनुक वाचून काम सुरू होतं. बहुतेक वेळा तो पुरतो, पण प्लांटारम आणि पेंटोसस ही भावंडं त्याला जवळजवळ सारखीच दिसतात. त्यांना वेगळं काढायला रेकए या दुसऱ्या जनुकाकडे जावं लागतं, नाहीतर सरळ अख्खा जिनोम वाचावा लागतो. दोन जिनोममधलं साम्य सरासरी ९५-९६ टक्क्यांच्या खाली गेलं, की प्रजाती वेगळी मानतात.

जिनोमनीच २०२० मध्ये सगळं घर हलवलं. लॅक्टोबॅसिलस या एकाच आडनावाखाली २५०हून अधिक प्रजाती कोंबलेल्या होत्या. त्या २५ वंशांत, म्हणजे प्रजातींच्या गटांत, विभागल्या गेल्या आणि त्यांतले २३ वंश नवे होते. ब्रेव्हिस आता लेव्हिलॅक्टोबॅसिलस झाला, पॅराकेसाय लॅक्टिकेसायबॅसिलस, सॅनफ्रान्सिस्केन्सिस फ्रुक्टिलॅक्टोबॅसिलस. हार्दालियेच्या यादीतला अॅसिटोटॉलरन्स मात्र जुन्याच घरात राहिला. प्रयोगशाळेतल्या माणसांनी कुरकुर केली, दह्याच्या डब्यांवरची नावंही जुनी झाली. तरी हा बदल टाळण्यासारखा नव्हता. वायू करणारे आणि न करणारे एकाच नावाने वावरत होते, ते बऱ्याच अंशी थांबलं.

नवी प्रजाती सापडल्याचं म्हणायचं, तर तिचा नमुना किमान दोन वेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो. असे संग्रह पुण्यातही आहेत: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा, आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राशी जोडलेला सूक्ष्मजीव संसाधन केंद्राचा. आपल्याकडे काजूच्या बोंडांचा किंवा जांभळाचा रस आंबवून कुणी नवा जिवाणू काढलाच, तर त्याची एक कुपी पुण्यात आणि दुसरी परदेशात जाईल.