सुटलेलं पोट आणि सुतळीचं माप

आपल्याकडे माणूस अंगानं भरला की लोक म्हणतात, "तब्येत सुधारली हं!" पोट पुढं आलं तर 'खात्यापित्या घरचा' म्हणून कौतुकच होतं. ज्या मुलखानं दुष्काळ भोगले, त्याला भरल्या अंगात सुबत्ता दिसावी, यात नवल नाही. परंतु जुने वैद्य या बाबतीत सावध होते. चरकसंहितेत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार केला आहे. दोघांना एकच रोग झाला, तर स्थूलाला तो अधिक पीडतो, असं तिथं सांगितलं आहे.

हा शहरी लोकांचा आजार, असं आपण समजतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र खेड्यांतल्या प्रौढांपैकी दर शंभरांत सुमारे वीस जण, बाया आणि पुरुष दोघेही, जादा वजनाचे आढळले.

आता प्रश्न असा, की वजन बेताचंच आहे, हातपाय काटक आहेत, फक्त पोट तेवढं सुटलं आहे, त्यानं काळजी करावी का? अवश्य करावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडातल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी बरीच कमी होती, पण चरबी मात्र त्यांनी त्या मानानं राखून ठेवली होती. म्हणजे दिसायला लुकडी, आतून चरबीची. पुढं २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या हिशेबानं दोघांचं वजन तंतोतंत सारखं, पण युडकिन यांच्या अंगात चरबी शेकडा ९, तर याज्ञिक यांच्या अंगात शेकडा २१!

म्हणून तराजूवर सगळा भरवसा ठेवू नये. कातडीखालच्या चरबीपेक्षा पोटाच्या आत, यकृत आणि आतडी यांच्याभोवती साठणारी चरबी अधिक घातक असते. तिच्यामुळे इन्शुलिनचा अंमल मंदावतो आणि रक्तात साखर वाढते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, यकृतावर चरबी, गुडघेदुखी, झोपेत घोरून श्वास अडकणं, काही प्रकारचे कर्करोग, ही सारी मंडळी तिच्यामागून येतात. पुष्कळदा वर्षानुवर्षं कुठं दुखतखुपत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो.

माप घेणं सोपं आहे. टाचेपासून डोक्यापर्यंत आपल्या उंचीची सुतळी घ्या. ती दुमडून निम्मी करा. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती पोटाभोवती गुंडाळा. टोकाला टोक सहज भिडलं तर ठीक. भिडलं नाही तर आरोग्य केंद्रात जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. टेप असेल तर पुरुषानं ९० आणि स्त्रीनं ८० सेंटिमीटर ही हद्द समजावी. गरोदर बायांना हे माप लागू नाही.

हे पोट सुटतं कशानं? मोटेची जागा पंपानं घेतली, जात्याची गिरणीनं, पायवाटेची मोटारसायकलनं. कष्ट घटले, खाणं मात्र तेच राहिलं. वर फरसाण, बिस्किटं, शीतपेयांची भर पडली. दिवसातून पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, असा हिशेब धरला तर पन्नास ग्रॅम साखर, म्हणजे दोनशे कॅलरी होतात. तेवढ्या खर्ची पडायला सुमारे पाऊण तास झपाझप चालावं लागतं. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून हिशेब फारसा बदलत नाही. आनुवंशिकता, अपुरी झोप, थायरॉइडचा विकार, स्टेरॉइडसारखी औषधं यांचाही वाटा असतो. तेव्हा लठ्ठ माणसाला 'आळशी', 'खादाड' म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे.

उपाय उपासतापासाचा नाही. ताटात अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग डाळ-उसळीचा, उरलेला भाकरी-भाताचा असावा. तेल मोजून घालावं. एका चमच्यात ४५ कॅलरी असतात. आठवड्यातून निदान दीडशे मिनिटं भराभर चालावं. स्नायू वाढवणारं काम, जोर-बैठका किंवा ओझं उचलणं, दोन दिवस तरी असावं. ऐंशी किलोच्या माणसानं चार-पाच किलो उतरवले, तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. आठवड्याला अर्धा किलो, ही चाल पुरे. चरबी वितळवणारे पट्टे आणि भुकट्या यांच्या नादी लागू नये. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं २०२५ साली भारतात विक्रीला आली. फार वाढलेल्या वजनावर शस्त्रक्रियाही होते. पण कोणाला काय योग्य, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सुतळीचं माप प्रौढांना जरूर शिकवा, पण वर्गात कोणा मुलाचं पोट मोजून त्याला हसू नका. खेळाचा तास गणिताला देऊ नका, आणि शाळेत येणारी मुलगी नीट जेवते ना, याकडे लक्ष ठेवा. उद्याच्या आईचं पोषण चांगलं झालं, तर पुढच्या पिढीचं बाळ नुसत्या चरबीनं नव्हे, स्नायूंनीही भरलेलं जन्माला येईल.