फुप्फुसातला ठिपका नेमका कोणाचा?

प्रोस्टेटचा कर्करोग पसरला की हाडे गाठतो, ही सर्वसाधारण समजूत खरीच आहे. पण २००० साली १,५८९ रुग्णांच्या शवविच्छेदनांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोग रक्तावाटे पसरलेल्यांपैकी ९० टक्क्यांच्या हाडांत तो सापडला, तसा ४६ टक्क्यांच्या फुप्फुसांतही. जिवंतपणी मात्र तिथे तो बऱ्याचदा गुपचूप असतो. खोकला नाही, धाप नाही. छातीच्या साध्या एक्स-रेवर बारीक गाठी बरगड्यांच्या आणि हृदयाच्या सावलीत सहज लपतात.

सीटी स्कॅनला त्या दिसतात. रुग्ण काही सेकंद श्वास रोखतो आणि यंत्र छातीचे मिलिमीटरभर जाडीचे काप टिपते. पण सीटी आकार दाखवते, कूळ नाही. आपल्याकडे तर जुन्या, भरून आलेल्या क्षयाच्या गाठी कितीतरी छातींत असतात. रिपोर्टात ‘नोड्यूल’ वाचताच घरात रडारड सुरू होते, ती अनेकदा घाईची ठरते.

कूळ शोधायला पीएसएमए पेट स्कॅन मदत करतो. पीएसएमए हे प्रोस्टेटच्या कर्कपेशींवर भरपूर असणारे प्रथिन. त्याला चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सर्गी गॅलियम-६८ जोडून तो शिरेतून देतात आणि साधारण तासाभराने स्कॅन करतात. गॅलियमचे अर्धायुष्य अवघे ६८ मिनिटे, त्यामुळे फार थांबून चालत नाही.

इथेही गाठ चमकली म्हणजे निकाल लागला, असे नाही. फुप्फुसाच्या स्वतःच्या कर्करोगातल्या नव्या रक्तवाहिन्यांवरही पीएसएमए असते. क्षय आणि सार्कॉइडोसिसच्या गाठीही कधी उजळतात. उलट, प्रोस्टेटहून आलेल्या काही गाठी अजिबात चमकत नाहीत. पेटचे चित्रण मिनिटांत मोजायचे, तेवढा वेळ श्वास कोण रोखणार? छाती हलत राहते आणि चार-पाच मिलिमीटरची गाठ चित्रात पुसट होते. म्हणून पेट आणि सीटी शेजारी ठेवूनच वाचायचे, जोडीला रक्तातल्या पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाचा चढउतार बघायचा.

तरीही शंका उरली आणि उत्तरावर उपचार बदलणार असतील, तर सुईने तुकडा काढतात. एनकेएक्स ३.१ या प्रथिनाची चाचणी प्रोस्टेटकडे बोट दाखवते, टीटीएफ-१ बहुधा फुप्फुसाकडे.

चमक पुढे उपचारातही लागते. ल्युटेशियम-१७७ जोडलेले औषध याच पीएसएमएला चिकटून पेशी मारते. जी गाठ स्कॅनमध्ये उजळत नाही, तिच्यावर त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही.