जुनी स्पोर्ट्स कार: किलोमीटरपेक्षा देखभालीचे दप्तर मोलाचे

जुनी मोटार पाहायला गेलेल्या ग्राहकाची नजर सर्वप्रथम किलोमीटरच्या आकड्यावर जाते. गाडी जितकी कमी चाललेली तितकी चांगली, असा सर्वसाधारण समज आहे. रोज कार्यालयात ने-आण करणाऱ्या छोट्या मोटारीबाबत तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र हाच समज महागात पडू शकतो. अशा गाड्या हौसेने घेतल्या जातात, वर्षातून मोजक्या वेळा रस्त्यावर येतात आणि उरलेला काळ आच्छादनाखाली उभ्या असतात. उभ्या गाडीचेही ऑइल जुने होते, रबरी नळ्या आणि सील कडक होतात, ब्रेक फ्लुइड हवेतील आर्द्रता शोषून घेते. त्यामुळे गाडी किती चालली, याइतकेच तिच्याकडे किती नियमितपणे पाहिले गेले, हेही महत्त्वाचे असते.

पोर्शेचा धडा

याचे बोलके उदाहरण म्हणजे पोर्शे 911 ची ‘996’ या सांकेतिक क्रमांकाने ओळखली जाणारी पिढी. 1997 मध्ये बाजारात आलेली ही पहिलीच पाण्याने थंड होणारी 911. तिचे आणि 1996 च्या बॉक्स्टरचे इंजिन एकाच घराण्यातील होते. या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवण्यासाठी मध्ये एक दांडा असतो आणि त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलेले असते. कालांतराने या बेअरिंगचे सील झिजते, इंजिनातील ऑइल आत शिरते आणि मूळचे ग्रीस धुऊन निघते. पुढे तेच जुने, दूषित ऑइल आत अडकून राहते. बेअरिंग तुटलेच, तर साखळ्यांचा ताळमेळ बिघडून पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते. 2001 ते 2005 या काळातील गाड्यांबाबत अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला होता आणि 2013 मध्ये त्यात तडजोड झाली.

या दोषाचा धोका कमी चाललेल्या, लांब मुदतीने ऑइल बदललेल्या गाड्यांमध्ये अधिक, असा या इंजिनांवर काम करणाऱ्या तज्ज्ञ मेकॅनिकांचा अनुभव आहे. म्हणूनच किलोमीटर कितीही कमी असले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावे, असे ते सुचवतात. साहजिकच, वीस वर्षांत तीस हजार किलोमीटर चाललेली पण दोन-तीनच देयके असलेली गाडी आणि एक लाख किलोमीटर चाललेली पण दरवर्षीची नोंद असलेली गाडी समोरासमोर उभ्या केल्या, तर जाणकार ग्राहक बहुधा दुसरीकडे वळतो.

फेरारीच्या एफ355 बाबतही हेच दिसते. तिचा टायमिंग बेल्ट गाडी चालो वा न चालो, ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो आणि त्यासाठी इंजिन बाहेर काढावे लागते. हे काम लांबवलेली गाडी कितीही चकचकीत दिसली, तरी तो मोठा खर्च नव्या मालकाच्या वाट्याला येतो.

नोंदी कशा वाचाव्यात?

सर्व्हिस बुकमधील शिक्के हा केवळ प्रारंभ मानावा. शिक्का बनावट असू शकतो. शिवाय नेमके काय बदलले, हे तो सांगत नाही. सुट्या भागांची नावे, तारीख आणि किलोमीटर नमूद असलेली देयके अधिक विश्वासार्ह ठरतात. ती तारखेप्रमाणे लावून पाहिली, की आकडे क्रमाने वाढतात का आणि मध्ये किती वर्षे कोरी आहेत, हे लगेच उमगते.

देयकात काय नाही, हेही पाहावे. 996 मधील हे बेअरिंग गिअरबॉक्स आणि क्लच उतरवल्यावर हाताशी येते. त्यामुळे क्लच बदलल्याचे देयक असेल आणि त्यात बेअरिंगचा उल्लेखही नसेल, तर त्या वेळी ते निदान तपासले गेले होते का, असा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा.

कागदांची पडताळणी गाडीवरूनही करता येते. टायरवरील चार अंकी संकेतात निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. ‘2319’ म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. टायर नुकतेच बदलल्याचा दावा त्यावरून ताडून पाहता येतो. पोर्शेच्या इंजिनाचा संगणक इंजिन एकूण किती तास चालले आणि मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले, याची नोंद ठेवतो. किलोमीटरला तासांनी भागले की सरासरी वेग मिळतो. 30 हजार किलोमीटर आणि 3 हजार तास, म्हणजे ताशी अवघे 10 किलोमीटर, असा हिशेब निघाला, तर मीटरशी छेडछाड झाल्याची शंका घ्यायला जागा आहे.

भारतातील अडचण

ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत किलोमीटरमापकाचा आकडाही नोंदवला जातो आणि तो कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. भारतात खासगी मोटारींसाठी अशी वार्षिक यांत्रिक तपासणी नाही; पीयूसी केवळ धुराविषयी सांगते. म्हणून मुंबई-पुण्यातील ग्राहकाला पुरावे स्वतःच जमवावे लागतात. आरसीवरून मालकांची संख्या कळते. विमा पॉलिसीतील ‘नो क्लेम बोनस’ शून्यावर आला असेल, तर आधीच्या वर्षी दावा केला गेला होता का, याची चौकशी करावी. जिथे गाडीची देखभाल झाली, त्या वर्कशॉपला विक्रेत्याच्या संमतीने दूरध्वनी करून जुन्या नोंदी मागाव्यात. वर्कशॉप अधिकृत आहे की स्वतंत्र, यापेक्षा त्या मॉडेलचा अनुभव तेथे आहे का, हे महत्त्वाचे.

किमतीत उतरवा

दप्तर अपुरे आहे, एवढ्यावरून गाडी नाकारण्याचे कारण नाही. ज्या कामांचा पुरावा नाही, ती झालेलीच नाहीत असे धरून त्यांचा अंदाजित खर्च वर्कशॉपकडून लिहून घ्यावा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करण्याची मागणी करावी. त्याला विक्रेता राजी नसेल, तर दुसरी गाडी पाहावी. दप्तर परिपूर्ण असले, तरी व्यवहारापूर्वी त्रयस्थ तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यकच आहे. कारण नोंदी कालपर्यंतची हकिगत सांगतात, आजची प्रकृती तपासणीतूनच कळते. या तपासणीचे शुल्क इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे नगण्य असते.