‘पाव’ या शब्दाचीं तीन कुळें

शब्द जितका आखूड, तितका त्याच्या कुलशोधांत घोटाळा अधिक. कारण निरनिराळ्या वाटांनीं झिजत आलेले शब्द शेवटीं एकाच रूपावर येऊन ठेपतात. ‘पाव’ हें याचें उत्तम उदाहरण होय. वर्गांत शब्दखेळ घालतांना मी फळ्यावर ‘पाव पाव पावला’ असें वाक्य लिहीत असें. मुलें प्रथम हांसत; मग कोणी तरी उलगडा करी कीं, पावाचा चतुर्थांश मिळाला! या तीन पदांचीं कुळें तीन आहेत. त्यांची सरमिसळ खेळांत शोभते. परंतु व्युत्पत्ति म्हणून ती सांगितली, तर कष्टाळू माणसांवर नाहक ठपका येतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिला ‘पाव’ म्हणजे चवथा हिस्सा. याचें मूळ संस्कृत ‘पाद’. चार पायांच्या पशूचा एक पाय तो चौथा भाग, या कल्पनेनें ‘पाद’ शब्दास हा अर्थ आला. ऋग्वेदांतील पुरुषसूक्तांतहि तो याच अर्थीं योजिलेला आहे. ‘पादोन’ यापासून पाऊण व ‘सपाद’ यापासून सव्वा हे शब्द झाले. पावशेर, पावली, पावकी हीं याच घरचीं मंडळी.

दुसरें क्रियापद ‘पावणें’. संस्कृत ‘प्राप्’ या धातूचें प्राकृतांत ‘पाव’ झालें, तेंच मराठींत उतरलें. देव नवसास पावतो, पत्र पावतें, आणि पावल्याची खूण ती पावती.

तिसरा खाण्याचा पाव. हा संस्कृतोद्भव नव्हे. लॅटिन ‘पानिस्’ म्हणजे भाकरी. त्याचें इटालियनांत ‘पाने’, स्पॅनिशांत ‘पान’ व पोर्तुगीजांत नाकांतून उच्चारिलें जाणारें ‘पांव’ असें रूप झालें. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांजकडे होती. त्यांच्या सहवासानें पदार्थ आला व त्याबरोबर नांवहि आलें. गोव्यांत पाव भाजणारास ‘पोदेर’ म्हणतात, तोहि पोर्तुगीज ‘पादेइरु’ शब्दाचाच अपभ्रंश. पदार्थ व तो करणारा या दोहोंचीं नांवें एकाच भाषेंतून यावींत, हा पुरावा लहान नव्हे. आशियांतील भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा कोश मोन्सेन्योर दालगादो यांनीं १९१३ सालीं प्रसिद्ध केला, तो या कामीं अवश्य पाहावा.

असें असतां लोकांत दोन व्युत्पत्ति फिरतात. एक अशी कीं, चार पाव जोडून भाजतात, त्यांतील एक तो ‘पाव’. दुसरी अशी कीं, पीठ पायांनीं मळतात म्हणून ‘पाव’. दोन्हींस उत्तर जपान देतो. पोर्तुगीज १५४३ सालीं तेथें पोंचले आणि जपानी भाषेंतहि या पदार्थास ‘पान’ हें नांव त्यांच्यापासूनच पडलें. जपान्यांना आमच्या पायाशीं किंवा पावशेराशीं काय कर्तव्य? शिवाय पोर्तुगीज लोक कोणत्याहि आकाराच्या भाकरीस हाच शब्द लावितात. तेथें चार जोडण्याचा प्रश्नच नाहीं.

पहिली कल्पना निरुपद्रवी आहे. दुसरी तशी नाहीं. विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या दंतकथा आपल्याकडे प्रसिद्ध आहेत. पावाविषयीं अशी किळस असलेल्या समाजांत ‘पायांनीं मळलेला’ ही व्युत्पत्ति सहज खरी वाटते, आणि पहांटेच्या आधीं उठून भट्टी पेटविणाऱ्या माणसावर ओंगळपणाचा आरोप ठेवते. या आरोपास शब्दाचा आधार मुळींच नाहीं.

संस्कृत व पोर्तुगीज यांचें नातें पाहावयाचेंच असेल, तर तें अन्यत्र आहे. ‘पाद’ शब्दाचा खरा भाऊबंद लॅटिन ‘पेस्’, व त्यापासून झालेला पोर्तुगीज ‘पे’, म्हणजे पाय. उलट ‘पानिस्’ शब्दाचा संबंध पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ ‘चारणें, पोसणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूशीं जोडतात, आणि त्या धातूचा संस्कृत सोयरा रक्षणार्थक ‘पा’ होय. म्हणजे नातें असलेंच, तर तें पायाशीं नसून पालनाशीं आहे!

शब्दकोडें रचणारास मात्र ‘पाव’ हें मोठें धन आहे. दोनच घरांत तीन सूचना बसतात. अक्षरें उलटीं वाचल्यास यज्ञांतील ‘वपा’ मिळते. या खेळाचा संशोधकासहि उपयोग आहे. मोडी लेखनांत शब्द तोडून लिहिण्याची चाल नसल्यानें ‘पाव’ दिसतांच वाचणारानें थांबून व्याकरण विचारावें. पुढें शेर, मण असें माप असेल तर चौथाई. पावाचा, पावास अशी विभक्ति लागली असेल तर बहुधा खाद्य. काळ व पुरुष यांप्रमाणें रूप बदललें असेल तर क्रियापद. एक ध्वनि अनेक अर्थ देतो, हें श्लेषाचें भूषण; तेवढ्यावरून एक कूळ मानणें, हें संशोधनाचें दूषण होय.