मूकपटातील माणसे धावत का असतात?

मूकपटांच्या काळातील एखादी जुनी चित्रफीत आपण पाहिली असेल. तीतील माणसे तुरुतुरु चालतात, टोप्या झटकन वर जातात. अंत्ययात्रेतील शोकाकुल मंडळीही लगबगीने निघालेली दिसतात. घरातील मुले खदखदून हसतात. आपले पणजोबा खरोखरच असे चालत होते काय?

मुळीच नाही. दोष त्या माणसांचा नसून मोजणीचा आहे. चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची मालिका. ती पुरेशा वेगाने डोळ्यांपुढून गेली की आपला मेंदू तिला गती मानतो. १८९५ साली पॅरिस येथे ल्युमिएर बंधूंनी दाखविलेली चित्रे सेकंदाला सुमारे १६ या प्रमाणात घेतलेली होती. पडदा लुकलुकू नये म्हणून पुढील प्रक्षेपकांत प्रत्येक चित्रावर तीनदा प्रकाश पाडीत. म्हणजे सेकंदाला ४८ वेळा. कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवावे लागे, त्यामुळे छायालेखकाच्या मनगटाप्रमाणे वेग कमीअधिक होई. डोळा ते निमूटपणे सोशी.

कान मात्र सोशीक नव्हे. फितीचा वेग बदलला की आवाजाची पट्टी बदलते. म्हणूनच १९२० नंतरच्या दशकाअखेर बोलपट आले, तेव्हा सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण कायम झाले. आता १६च्या प्रमाणात घेतलेली फीत २४च्या प्रमाणात चालविली, तर नव्वद सेकंदांची घटना साठ सेकंदांत उरकते. धावपळ दिसते ती यामुळेच!

हेच तत्त्व जाणूनबुजून वापरले, तर चमत्कार घडतो. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ सावकाश, एकेक चित्र घेऊन टिपली. अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर पाहता पाहता पुरी झाली.

उलट, हरवलेला वेळ परतही देता येतो. पीटर जॅक्सन यांनी २०१८ साली पहिल्या महायुद्धातील फितींमध्ये संगणकाच्या साहाय्याने मधली चित्रे भरली. तेव्हा खंदकांतील ते तरुण बाहुल्यांसारखे न दिसता थकलेल्या, हसऱ्या, जिवंत माणसांसारखे चालू लागले.

पुढच्या वेळी मुले अशा फितीला हसली, तर मोबाइलवर तिची गती पाऊणपट करून दाखवा. धावणारी माणसे शांतपणे चालू लागतील. आणि मुलांना पूर्वजांची जवळजवळ खरी चाल दिसेल.