हिंगोलीला कोणता कारखाना हवा?

हिंगोली जिल्ह्यातले तरुण मुकादमाची उचल घेऊन उसाच्या फडावर जातात, नाहीतर चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत कंत्राटी कामाला लागतात. इथेच निर्यातीचा कारखाना आणा, ही मागणी त्यामुळे रास्तच आहे. पण तो कारखाना कशाच्या आधाराने उभा राहणार, यावर त्याचं आयुष्य ठरतं. मेक्सिकोने १९६५ मध्ये अमेरिकेच्या सीमेवर असे कारखाने सुरू केले. अमेरिकी शेतांवर मजूर पाठवण्याचा करार आदल्याच वर्षी संपला होता आणि परतलेल्यांना काम हवं होतं. सुटे भाग बिनजकातीचे यायचे, हुआरेस-तिहुआनासारख्या सीमेवरच्या शहरांत जोडले जायचे, तयार माल पलीकडे जायचा. (कामावर घेतल्या गेल्या त्या मात्र बहुतेक तरुण मुली, परतलेले पुरुष बाहेरच राहिले.) मुंबईतलं सीप्झ हे निर्यात क्षेत्र, १९७३ चं, याच पठडीतलं. मेक्सिकोतल्या त्या शहरांचं भांडवल एकच होतं, स्वस्त मजुरी. २००० नंतर अमेरिकेत मंदी आली, चीनमध्ये मजुरी आणखी स्वस्त मिळू लागली आणि सीमेवरच्या दोन लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या.

कोणी म्हणेल, फडावर कोयता चालवण्यापेक्षा दरमहा पगार बराच की! बराच आहे, यात वाद नाही. पोरांची शाळा तरी सुटत नाही. पण जो कारखाना फक्त मजुरीसाठी येतो, तो मजुरी वाढताच जातो. हिंगोलीकडे मजुरीखेरीज हळद आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतलाच हळद संशोधन केंद्र आहे. तरीही शेतकरी हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजार समितीत आणतो आणि बराचसा माल पुढे दळणासाठी, अर्क काढण्यासाठी बाहेर जातो. जास्तीची कमाई त्या पुढच्या टप्प्यातच आहे. राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालयही २०२५ मध्ये शेजारच्या तेलंगणात, निजामाबादला झालं.

हळदीच्या गिरणीत मोटारीच्या कारखान्याइतकी माणसं लागत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. एकट्या हळदीवर जिल्ह्याचं स्थलांतर थांबणार नाही. पण परदेशी खरेदीदार कीटकनाशकांचे अंश आणि भेसळ तपासून घेतो. म्हणजे प्रतवारी, प्रयोगशाळा, पॅकिंग इथे आलं तर शिकलेल्या मुलामुलींनाही काम मिळेल, आणि कच्चा माल जवळ असल्याने तो उद्योग सहजासहजी उठून जाणार नाही. तेव्हा एमआयडीसीत नवा प्रकल्प जाहीर झाला, की रोजगाराच्या आकड्याआधी विचारा: जिल्ह्यातून माल किती घेणार, आणि कायम कामगार किती?